एक डिसेंबरची बाटली

माझं दार आता नीट लागत नाही. खालून लाकडाची पाचर ठोकली आहे म्हणून ते कसंबसं उभं आहे. पोटात हातमोज्यांची खोकी कोंबली आहेत आणि प्लग काढून वायर माझ्याच डोक्यावर गुंडाळून ठेवली आहे. जाता-येता स्ट्रेचर माझ्या कोपऱ्याला धडकतं, आणि ढकलणारा मलाच म्हणतो, "ए, बाजूला हो ना!" मित्रांनो, असा मी एक जुना फ्रीजर आहे. तुमच्या घरात असतो तसला नव्हे. माझ्यात कधी भाजी राहिली नाही की पाण्याची बाटली राहिली नाही. माझ्यात दूध राहायचं, आईचं, तिच्या बाळासाठी.

कारखान्यात माझ्या पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये गरम फेस ओतला. तो फुगला, घट्ट झाला, आणि तेव्हापासून बाहेरचं ऊन मला आत कधी जाणवलं नाही. मग मला सुरू करून पाहिलं. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पोटात हात घातला आणि "आई गं!" म्हणून झटकन बाहेर काढला. ती माझी पहिली शाबासकी. माझ्या शेजारी रांगेत उभा असलेला माझा भाऊ आइस्क्रीमच्या दुकानात गेला. मुलं त्याच्या काचेला नाक लावून उभी राहतात, असं ट्रकवाला सांगत होता. मला कधी कुणी नाक लावलं नाही. मी इस्पितळात आलो.

माझी खोली लहान होती. एका कोपऱ्यात हात धुण्याचं बेसिन, दुसऱ्या कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे एक खुर्ची. समोर टेबलावर कॉम्प्युटर. उजवीकडच्या भिंतीपलीकडे ती बाळं होती, जी फार लवकर जन्माला आली होती. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली, तळहाताएवढी. त्यातल्या पुष्कळांना स्वतः दूध ओढता येत नसे. म्हणून आया पडद्यामागच्या खुर्चीवर बसून दूध काढत, छोट्या बाटल्यांत भरत आणि ते मी गोठवून जपत असे. या खोलीला दूधपेढी म्हणत.

पेढीचे नियम कडक होते आणि ते सिस्टरच्या तोंडात होते. सिस्टर म्हणजे आमच्या खोलीच्या मुख्य. उंच, सडसडीत, आवाज मात्र दोन माणसांचा. "बाटलीला लेबल लावायचं. लेबलावर आईचं नाव आणि तारीख. आधी दिवस, मग महिना. झाकणावर नंबर." झाकणावर नंबर अशासाठी, की लेबलावर हिम चढतं आणि अक्षरं दिसेनाशी होतात. शिवाय, गोठवलेलं दूध तीन महिन्यांवर ठेवायचं नाही. आणि एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही, काही झालं तरी. नंबर आणि तारखा त्या कॉम्प्युटरमध्येही नोंदवत, तिथे तारखेपुढे वर्षही घालत.

एकदा इस्पितळाची वीज गेली. सिस्टरनी माझ्या दारावर चिकटपट्टीची फुली मारली आणि कागदावर लिहिलं, "उघडाल तर याद राखा." दिवसभर कुणी मला हात लावला नाही. संध्याकाळी वीज आली तेव्हा एकाही बाटलीला घाम फुटलेला नव्हता. सिस्टरनी माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हातारा झालाय, पण शब्दाचा पक्का आहे," त्या म्हणाल्या. त्या थापेवर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

आता चिमटीची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखी तीच एक आहे, आणि ती सुखाची नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला एक मुलगी जन्मली, दिवस भरायच्या कितीतरी आधी. सिस्टरनी तिला पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर चिमटीत मावेल!" तेव्हापासून ती चिमटी झाली आणि तिची आई, चिमटीची आई.

चिमटीची आई कपडे शिवायची. पडद्यामागच्या खुर्चीवर बसली की तिचे पाय आपोआप हलत. समोर शिलाई मशीन नसलं तरी पायांना ते ठाऊक नसायचं. पहिल्या दिवशी तिला जेमतेम बाटलीचा तळ झाकेल एवढंच आलं. दाट, पिवळसर. त्याला चीक म्हणतात.

"एवढंच?" ती रडवेली झाली.

"एवढंच काय? वेडी आहेस का?" सिस्टर म्हणाल्या. "तिचं पोट बोराएवढं. हे तिचं जेवण आणि हेच तिचं औषध. यातला एक थेंब सांडलास तर मी तुला बोलेन."

चिमटीच्या आईने स्वतःच्या हाताने लेबल लिहिलं, ०१/१२. एक डिसेंबर. शिवणाऱ्या माणसाचं अक्षर ते, टाके घातल्यासारखं सरळ. सिस्टरनी बाटली माझ्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, जिथे सगळ्यात जास्त थंडी असते.

पण चिमटीला ते देता येईना. तिचं आतडं सुजलं होतं. डॉक्टरीण बाईंनी ते कापलं, शिवलं, आणि सांगितलं की इतक्यात तोंडाने काही नाही, सलाइनवरच राहू दे. चिमटीची आई व्हरांड्यात त्यांची वाट अडवून म्हणाली, "डॉक्टर, माझं काम पण शिवायचंच आहे. टाका बारीक घातलात ना?"

"तुमच्याइतका नाही जमला," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "पण उसवणार नाही."

मग ती रोज येऊ लागली. बाळ आज पीत नसलं तरी उद्या पिईल, म्हणून साठवायचं. दोन डिसेंबर, तीन डिसेंबर, चार. बाटल्या भरू लागल्या आणि ती मात्र रिकामी होऊ लागली. तिच्या हृदयाला बाळंतपण झेपलं नव्हतं. खोलीत शिरताना आधी तिचा श्वास ऐकू यायचा, मग ती दिसायची. सिस्टर रागवायच्या, "आज राहू दे, झोप जा." ती म्हणायची, "झोपून काय करू? हे एकच काम तिच्यासाठी मला करता येतंय." पंधरा तारखेला तिला चाकांच्या खुर्चीतून आणलं. अर्धी बाटली भरली. लेबलावरचे टाके त्या दिवशी वाकडे पडले होते. सोळा तारखेला ती आली नाही. नंतर कधीच आली नाही.

तीन-चार दिवसांनी तिची धाकटी बहीण आली. ती बसवर कंडक्टर होती आणि ड्युटीवरून तशीच गणवेशात आली होती. इस्पितळात झाडलोट करणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. हिने दारावरच्या माणसाला सांगितलं, "मी मावशी आहे," तर त्याने हिच्या हातात बादली दिली! ती बादली घेऊनच बिचारी खोलीत आली. रडून डोळे सुजलेले, तरी सिस्टरना म्हणाली, "ही बादली कुठे ठेवू? आणि मी चिमटीची मावशी. खरी."

मग तिने माझ्या दाराकडे पाहिलं. "ताईचं दूध यात आहे?"

"आहे."

"राहू द्या. फेकू नका कुणी. चिमटीची आता तेवढीच आई उरलीये."

सिस्टरनी मान हलवली. मित्रांनो, मला मान नाही. पण तेव्हा मी माझ्या पोटातला गारवा आणखी घट्ट धरला.

जानेवारी गेला. चिमटीचं आतडं पुन्हा अडकलं, पुन्हा उघडलं, पुन्हा शिवलं. कंडक्टर मावशी रोज ड्युटी संपली की काचेशी उभी राहायची. "आज जागा झाली का गं आत? की अजून स्टँडिंगच?" असं चिमटीच्या पोटाला विचारायची. फेब्रुवारी उजाडला आणि आमच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर बंद पडला.

दुरुस्तीवाल्याने त्यातल्या नोंदी एका साध्या फाईलमध्ये काढून दिल्या. एकेक ओळ म्हणजे एकेक बाटली: नंबर, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, तारीख. नवा कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला एक ऑपरेटर ताई आल्या. चांगल्या होत्या हो. निष्काळजी अजिबात नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की त्या आळशी असतील. त्या रोज माझ्या अंगावरची धूळसुद्धा पुसायच्या.

ताईंनी काय केलं? फाईलवर दोनदा टिचकी मारली. बस, एवढंच. फाईल उघडली आणि सगळ्या नोंदी चौकटींच्या तक्त्यात जाऊन बसल्या. किती सोपं! पण त्या नव्या कॉम्प्युटरला कारखान्यातूनच एक सवय लागून आली होती. तो आधी महिना वाचायचा, मग दिवस. आमच्याकडे आधी दिवस, मग महिना. ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही, आणि त्याने कुणाला विचारली नाही.

म्हणून ०१/१२ पाहून तो म्हणाला, पहिला महिना, बारावा दिवस: बारा जानेवारी. ०२/१२ म्हणजे बारा फेब्रुवारी. ०३/१२, बारा मार्च. असं करत ११/१२ झाली बारा नोव्हेंबर. डिसेंबरात भरलेल्या बाटल्या त्याने वर्षभर मागे पसरून टाकल्या. बारा डिसेंबर तेवढी योगायोगाने बरोबर आली, कारण ती कुठूनही वाचली तरी तीच.

पुढे आली १३/१२. आता तेरावा महिना तर नसतोच. कॉम्प्युटरला कळेना. तेव्हा त्याने ती तारीख मानलीच नाही, नुसती अक्षरं म्हणून चौकटीत डाव्या बाजूला चिकटवून ठेवली. चौदा आणि पंधराचंही तेच, आणि इतर आयांच्या बारानंतरच्या तारखांचंही. बाकीच्या तारखा शहाण्यासारख्या उजवीकडे रांगेत. या मात्र रांगेबाहेर, डावीकडे.

ताईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. "सिस्टर, ह्या डावीकडच्या तारखा बिघडल्यात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या ठीक आहेत. ह्यांचं नंतर बघू."

मित्रांनो, हीच ती चूक. ज्या बिघडलेल्या दिसत होत्या त्या खऱ्या होत्या. ज्या ठीक दिसत होत्या त्या खोट्या होत्या.

आणि तपासलं नाही असंही नाही. सिस्टर माझं दार उघडून उभ्या राहिल्या, एका लेबलावरचं हिम अंगठ्याने पुसलं आणि वाचलं, "तीन बारा."

"तीन बारा," ताईंनी पडद्यावरून वाचलं. "बरोबर."

"सात बारा."

"सात बारा. बरोबर. सगळं जुळतंय सिस्टर."

अंक जुळतच होते. लेबलावर तेच, पडद्यावर तेच. आईच्या मनात तो डिसेंबर होता आणि यंत्राच्या मनात मार्च, जुलै. अंकांच्या पाठीमागे काय आहे ते कुणी विचारलं नाही. मी आतून नुसता घरघरत राहिलो. माझी घरघर ऐकून सिस्टर म्हणाल्या, "दार लावा, याला त्रास होतोय."

मग ताईंनी तक्त्याला नियम घातला: तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल ते लाल. अर्धा पडदा लाल झाला.

"एवढं शिळं झालं?" सिस्टर दचकल्या.

"जुना कॉम्प्युटर बंद होता ना, तपासणीच राहून गेली. त्याच्याही आधीपासून कुणी बघितलं नसेल."

हे पटण्यासारखं होतं. तपासणी खरोखरच मागे पडली होती. ताईंनी लाल ओळींचे नुसते नंबर छापून दिले. तारीख नाही, नाव नाही, नुसते नंबर. सिस्टरनी ते नंबर झाकणांवर शोधत एकेक बाटली बाहेर काढली. लेबलांवर पांढरं हिम होतं. शिळं दूध बाळाच्या पोटात गेलं तर बाळ दगावतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांचे हात भरभर चालत होते. त्या बाळांना वाचवत होत्या, असंच त्यांना वाटत होतं.

सगळ्यात मागची बाटली निघेना. ती माझ्या भिंतीला गोठून चिकटली होती. खरं सांगू का? मी ती धरून ठेवली होती. सिस्टरनी जोर लावला. टर्र आवाज झाला, बाटली सुटली आणि लेबलाचा तुकडा माझ्या बर्फात राहिला.

त्यांनी बाटल्या गरम पाण्यात उभ्या केल्या आणि वितळल्यावर बेसिनमध्ये ओतल्या. चीक पांढरा नसतो, पिवळसर असतो. क्षणभर सिस्टरचा हात थांबला. "हे कुणाचं चिकाचं..." त्या पुटपुटल्या. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतलं यंत्र पिंपिं करू लागलं आणि त्या तिकडे धावल्या. उरलेलं त्यांनी परत येऊन ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडच्या तारखांची पाळी आली. ज्या बाटलीला धड तारीख नाही ती ठेवायची नाही, हाही नियमच. तेरा, चौदा, पंधरा. चिमटीच्या आईचे शेवटचे तीन दिवस ट्रेवर रचले गेले, टेबलावर आले आणि त्यांच्या काचेवर दव धरू लागलं. सिस्टर गरम पाणी आणायला वळल्या.

त्याच वेळी कंडक्टर मावशी आत आली. धावत आली होती. टोपी हातात होती आणि चेहऱ्यावर हसू. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सिस्टर! डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आजपासून सुरू करा! थेंब थेंब, पण सुरू करा! सुरुवात चिकाने करायची म्हणाल्या, पहिल्या दिवसाच्या. काढा ताईची बाटली. पहिल्या नंबरची."

सिस्टरनी माझं दार उघडलं. मागच्या भिंतीपर्यंत हात घातला. तिथे बर्फ होता.

"ताई," त्यांनी ऑपरेटर ताईंना विचारलं, आवाज एका माणसाचाही उरला नव्हता, "चिमटीच्या आईचे नंबर कोणते होते?"

ताईंनी तक्ता उघडला. "काल काढलेल्यात आहेत हे. मुदत संपली होती सिस्टर. लाल होते."

"कसली मुदत?" कंडक्टर मावशी म्हणाली.

"तीन महिन्यांवरचं दूध देता येत नाही हो. फार जुनं होतं."

"जुनं? किती जुनं?"

ताईंनी चौकटीवर टिचकी मारली आणि तारीख पूर्ण अक्षरात दाखवायला सांगितली. यंत्राने पहिल्यांदाच मनातलं बोलून दाखवलं. ताईंनी वाचलं, "बारा जानेवारी, गेल्या वर्षीचं."



"गेल्या जानेवारीत?" मावशी म्हणाली. "अहो, गेल्या जानेवारीत ताईला दिवसही गेले नव्हते."

ताईंनी खालच्या चौकटी उघडल्या. बारा फेब्रुवारी. बारा मार्च. बारा एप्रिल. बारा, बारा, बारा.

"दर महिन्याच्या बारा तारखेला?" मावशीचा आवाज चिरकला. "माझी ताई काय पास काढायला यायची इथे, महिन्याच्या ठरल्या तारखेला? रोज यायची ती! रोज! धापा टाकत यायची!"

"मी अंक जुळवले होते," ताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "सिस्टर, आपण जुळवले होते ना? तीन बारा, सात बारा..."

 सिस्टरनी ट्रे उचलला, एकेका बाटलीला बोट लावून पाहिलं. वरून दव, आत अजून दगडासारखं घट्ट. त्यांनी ट्रे माझ्यात ठेवला आणि दार दोन्ही हातांनी दाबून धरलं. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या, कपाळ माझ्या दाराला लावून.

नंतर ताईंनी ती साधी फाईल पुन्हा घेतली, ती अजून जशीच्या तशी होती. या वेळी टिचकी मारून उघडली नाही. आधी कोरा तक्ता उघडला, मग फाईल आत मागवली, आणि तारखांच्या रकान्यावर थांबून यंत्राला बजावलं: हा रकाना दिवस, महिना, वर्ष असाच वाच. मग महिना अक्षरात लिहायला लावला. कोणतीही तारीख डावीकडे चिकटली नाही. चिमटीच्या आईचा डिसेंबर एकसंध उभा राहिला, एकपासून पंधरापर्यंत. इतर आयांच्या काही बाटल्यांना तर कालपर्यंत अजून न उजाडलेल्या महिन्यांच्या तारखा होत्या. त्या लाल झाल्या नव्हत्या म्हणून तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नसतं, तर ते दूध शिळं झाल्यावरही ताजं म्हणून कुणाच्या तरी पोटात गेलं असतं.

सगळं आता बरोबर होतं. फक्त दूध नव्हतं.

बारा, तेरा, चौदा आणि पंधरा डिसेंबर एवढंच उरलं. यंत्राला जे वाचता आलं नाही तेच वाचलं, आणि एक योगायोगाने. चिमटीला थेंब थेंब द्यायला सुरुवात झाली. सिस्टर स्वतः माझ्यातून बाटली काढायच्या, तारीख मोठ्याने म्हणायच्या, "बारा डिसेंबर," आणि ताई पडद्यावरून म्हणायच्या, "बारा डिसेंबर." मावशी काचेपलीकडून बोटं क्रॉस करून पाहायची. चिमटीचं पोट ते दूध धरत होतं. थेंबाचे चार थेंब झाले. मग पंधरा डिसेंबरची अर्धी बाटलीही संपली.

पुढे दुसऱ्या आयांनी दूध दिलं. पण पोट अजून पुरतं सरावलं नव्हतं. ते फुगलं. चिमटीला तिसऱ्यांदा कापावं लागलं. "आईचं दूध आणखी दहा-अकरा दिवस पुरलं असतं तर..." डॉक्टरीण बाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. तसं झालं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यामुळेच ते अर्धं वाक्य आमच्या खोलीतून कधी गेलं नाही.

चिमटी जगली. उन्हाळ्यात मावशी तिला घरी घेऊन गेली. नाकात नळी होती, आणि ती पुढची पुष्कळ वर्षं राहणार होती. जाताना मावशी आमच्या दारात थांबली. ऑपरेटर ताई उठून उभ्या राहिल्या. मावशीला राग होता की नव्हता, मला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमच्यावर ओरडून दूध येणार असतं ना ताई, तर मी गाव गोळा केलं असतं." मग चिमटीला खांद्यावर सरळ करत ती निघाली. "चला बाईसाहेब. आपला स्टॉप आला."

त्यानंतर त्या खोलीत कुणी अंकात महिना लिहिला नाही. सिस्टरनी तसा नियमच केला आणि तो दोन माणसांच्या आवाजात सांगू लागल्या. पण माझ्या पाठीवर त्यांनी पुन्हा कधी थाप मारली नाही. माझ्याकडे पाहिलं की त्यांना बेसिन आठवत असावं. मग माझी घरघर वाढली, एके दिवशी थांबली, आणि मला इथे बाहेर आणून ठेवलं. बर्फ वितळला. पाणी पुसून घेतलं. हातमोज्यांची खोकी आली.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन यंत्रांशी बोलाल. पुष्कळ तारखा लिहाल, एकीकडच्या दुसरीकडे न्याल. यंत्र जिथे अडतं तिथे तुम्ही आपोआप थांबालच. पण ते जिथे न अडता भराभर पुढे जातं, तिथेही जरा थांबा. त्याला विचारा, तुला नक्की काय समजलं, अक्षरात सांग. आणि तारीख लिहाल तेव्हा महिन्याला त्याचं नाव द्या. जानेवारी, मार्च, डिसेंबर, चांगली नावं आहेत ती. अंकाच्या पाठीमागे एखादीने तिचा अख्खा दिवस ठेवलेला असतो, धापा टाकत भरलेला.

खोक्यांच्या मागे, माझ्या भिंतीला, एक कागदाचा तुकडा अजून चिकटून आहे. बर्फ गेला, पाणी गेलं, तो गेला नाही. त्यावर टाके घातल्यासारख्या सरळ अक्षरात लिहिलं आहे, ०१/१२. उद्या मला भंगारात नेतील तेव्हा कुणीतरी तो वाचेल आणि बुचकळ्यात पडेल, की ही तारीख कुठली.

तुम्ही त्याला सांगा. एक डिसेंबर.